गाळाची पकड

भैरवीनं भिजत घातलेली वाकळ टबातून वर ओढली, मध्येच थांबली आणि दम खात म्हणाली, "पाण्यात आहे तोवर हिचं काही वाटत नाही बघा. बाहेर निघताना खरी जड होते. आतलं पाणी गळायला वेळ लागतो ना." एवढंच म्हणाली. दुसऱ्या कुणाच्या बायकोनं म्हटलं असतं तर त्या नवऱ्यानं चूळ भरली असती, हं म्हटलं असतं आणि चहा मागितला असता. पण वैजनाथच्या तोंडात ब्रश तसाच राहिला. फेस हनुवटीवरून बनियनवर उतरला तरी त्याला पत्ता नाही. धाराशिवच्या पॉलिटेक्निकात तो यंत्रशास्त्र शिकवायचा. पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी खालून किती रेटतं हे त्यानं फळ्यावर इतक्यांदा लिहिलं होतं, की आता खडू आपोआप चालायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या शिकवण्यातलं एक वाक्य या बाईच्या तोंडी कधी आलं नव्हतं. आणि योगीराज रविवारी जेवायला काय आला, एका दुपारीत त्याचं वाक्य हिच्या जिभेवर जाऊन बसलं. तेही परक्यासारखं नाही, अगदी घरचं होऊन. "धरा की एक टोक," ती म्हणाली. त्यानं धरलं. दोघांनी मिळून वाकळ पिळली. पिळताना त्यानं जरा जास्तच जोर लावला आणि एका ठिकाणचे टाके उसवले. "अहो! माझ्या आईनं शिवलेली आहे ती," भैरवी ओरडली. त्याला बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं. मग आपल्याला आधी बरं का वाटलं, याचा विचार करत तो आंघोळीला गेला.

योगीराज त्याचा कॉलेजातला मित्र. औरंगाबादच्या होस्टेलात दोघं एका खोलीत राहिलेले. गडी भूमकडचा, ईट गावचा. बापाची मेंढरं होती, बाप गेला, आई म्हाळसाबाई अजून गावातच राहते, मुंबईला न्यायचं म्हटलं की तिचा रक्तदाब वाढतो. योगीराजनं लग्न केलं नाही. "बायकोला काय बोटीवर बांधून ठेवू?" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. मुंबईच्या एका कंपनीत त्याची नोकरी. समुद्राच्या तळाशी तेलाच्या, वायूच्या नळांवर बसवलेली अवजड लोखंडी यंत्रं असतात. ती जुनी झाली, बिघडली की वर काढावी लागतात. तळापासून पाण्याबाहेर येईपर्यंत कुठल्या टप्प्यावर किती ताण पडेल, याचा अंदाज योगीराज बांधायचा. त्याच्या अंदाजावरून क्रेन ठरायची, दोर ठरायचा, आणि बोटीवरच्या माणसांनी कुठं उभं राहायचं तेही ठरायचं. आईला भेटायला आला, की वाट वाकडी करून तो धाराशिवला एक जेवण जेवून जायचा. वैजनाथला ते आवडायचं. आवडायचं असंच तो सगळ्यांना सांगायचा.

त्या रविवारी भैरवीनं नुसतं विचारलं होतं, "भाऊजी, तुम्ही नेमकं करता काय हो?" झालं! गडी ताटावरून उठला. "वहिनी, परात आणा मोठी. आन् टबात पाणी भरा." वैजनाथचा अर्धा भात व्हायचा होता. न्हाणीच्या दाराशी हे दोघं टबावर वाकलेले, आणि हा पाटावर एकटा आमटीत बोट घालून बसलेला. "आता उचला परात. आडवीच्या आडवी. हां, जोरात!" भैरवीनं उचलली आणि "अगं बाई!" म्हणून अशी हसली, की परात हातातून निसटून पाणी दोघांच्याही अंगावर. "बघा," योगीराज सांगत होता, "परात आहे केवढी आन् हाताला लागली केवढी! तिच्यासंगं वरचं पाणी बी उठतंय. समुद्रात असंच. नुसतं लोखंड उचलायचं न्हाय, त्याच्यासंगं निघालेलं पाणी बी उचलायचं. वरून लाट आली की बोट वर जाती, दोर ताणतो. बोट खाली आली की ढिला पडतो, आन् पुन्हा फाटकन ताणतो. तो झटका लई वाईट. आन् पाण्याच्या तोंडाशी आलं की खालचा आधार सुटतो, पोटातलं पाणी तर अजून गळायचंय. तवा सगळ्यात जड." भैरवीची बाही कोपरापर्यंत भिजली होती. तिनं विचारलं, "आणि खाली रुतलेलं असलं तर? चिखलात?" योगीराज हात झटकत म्हणाला, "तिथं रेतीच असती वहिनी. रेती काय धरून ठेवतीय?" ती पुन्हा हसली. तोंड उघडं टाकून, मान मागं टाकून. असं ती लग्नानंतर सुरुवातीला हसायची. मधे केव्हा थांबली, ते वैजनाथला आठवेना. थांबली होती हेही त्याला त्या दिवशीच कळलं, आणि ते कळायला हा माणूस मुंबईहून यावा लागला, याचा त्याला संताप आला.

आंघोळ करताना, कॉलेजला जाताना, वर्गात हजेरी घेताना तो संताप त्याच्याबरोबर होता. बरं, संशय घ्यावा असं काही होतं का? काही नव्हतं. भैरवी तुळजापूरची, सरळ मनाची बाई, कचेरीत नोकरीला, आल्यागेल्याला पोटभर वाढणारी. योगीराज तर तिला वहिनी म्हणून वाकून नमस्कार करायचा. संशय असता तर एक वेळ परवडला असता. भांडता आलं असतं, चार लोकांना सांगता आलं असतं, आदळआपट करता आली असती. हे निराळंच होतं. योगीराजकडं जे होतं ते वैजनाथला हवं होतं, आणि ते काय होतं हे त्याला धड सांगता येत नव्हतं. पगार? पगाराचं त्याला काही नव्हतं. समुद्र? छ्या! समुद्राचं तर नावच नको. कॉलेज संपताना दोघांनाही याच कंपनीचं बोलावणं आलं होतं, आणि निवडीत वैजनाथ वर होता, योगीराज खाली. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की जळकोटच्या अण्णांनी, म्हणजे वैजनाथच्या मास्तर वडिलांनी, "जमिनीवर काय कमी पडलं म्हणून समुद्रावर निघालास?" असं विचारलं आणि मुलानं वडिलांचा शब्द मोडला नाही. भैरवीला स्थळ सांगून आलं तेव्हाही हीच गोष्ट सांगितली गेली होती, आणि मुलगा आईबापांना धरून आहे म्हणून तिच्या घरच्यांनी होकार दिला होता. गोष्ट खोटी नव्हती, अण्णा तसं म्हणालेच होते. फक्त त्यांनी ते म्हणावं म्हणून वैजनाथ तीन दिवस त्यांच्यापुढं तोंड पाडून फिरत होता. त्याआधी कंपनीनं सगळ्यांना एकदा बोटीवरून फिरवून आणलं होतं. किनारा दिसेनासा झाला आणि खाली नुसतं काळं हलणारं पाणी उरलं, तेव्हा वैजनाथनं कठड्याला जी मिठी मारली ती बोट धक्क्याला लागेपर्यंत सोडली नाही. योगीराज शेजारी उभा राहून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. ते योगीराजनं आजवर कुणाला सांगितलं नाही. थट्टेतसुद्धा नाही. वैजनाथला सगळ्यात जास्त राग याचाच होता.

आणि त्याच दिवशी दुपारी मोबाइलवर योगीराजची फाइल आली. "वैज्या, जरा नजर टाक." होस्टेलापासूनची ही रीत होती. परीक्षा असो की नोकरी, योगीराजचा कुठलाही मोठा हिशेब वैजनाथची नजर फिरल्याशिवाय पुढं जात नसे. कंपनीत तपासायला माणसं होती, संगणक होते, पण या गड्याची श्रद्धाच तशी. मेंढरं रानात सोडायच्या आधी बाप भंडारा उधळायचा, तशातला प्रकार. वैजनाथ दर वेळी बघायचा आणि दर वेळी "ठीक आहे" असं कळवायचा. खरंच ठीक असायचं. एखादी चूक सापडावी म्हणूनच तो इतकं बारकाईनं बघायचा, आणि सगळं ठीक निघालं की त्याचा अख्खा दिवस वाईट जायचा. स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसून त्यानं फाइल उघडली. तळावरून एक लोखंडी सांगाडा उचलायचा होता, खाली सपाट जाड पत्रा असलेला, कित्येक वर्षं एका जागी बसलेला. लोखंडाचं वजन बरोबर. पाण्याचा आधार वजा केलेला, बरोबर. सोबत उठणारं पाणी, बरोबर. ते वाचताना त्याला परात दिसली आणि भिजलेली बाही दिसली, तरी बरोबर. लाटेचा झटका, पाण्याच्या तोंडाशी वाढणारा भार, सगळं जिथल्या तिथं. मग तळ सोडताना लागणारा जादा जोर: शून्य. वैजनाथनं चष्मा काढून पुसला. कारण दिलं होतं, तळ रेतीचा. त्यानं शेवटची पानं उघडली, तिथं तळाच्या मातीचा अहवाल जोडलेला होता. आदल्या कामाचा तळ रेतीचा होता, त्याच्या आदल्याही. या कामाचा तळ मऊ, चिकट, काळपट गाळाचा होता. गड्यानं मागच्या कामाचा तक्ता उचलून पुढं चालवला होता आणि एक रकाना बदलायचा विसरला होता.

हे दुसऱ्या कुणाला पटकन दिसलं नसतं. ईटच्या माणसाला तर नाहीच. तिकडं सगळा मुरूम आणि खडक. पाय टाकला की वाजतो, पाऊस पडला तरी घटकाभरात वाट कोरडी. त्या रानात वाढलेल्याच्या पायाला माती धरून ठेवते हे ठाऊकच नसतं. पण वैजनाथ जळकोटचा, काळ्या रानातला. तो लहान असताना एका उन्हाळ्यात तळं आटलं, आणि शांताक्काची म्हैस पाण्याच्या आशेनं आत गेली ती पोटापर्यंत गाळात बसली. अख्खं गाव काठावर. शिंगांना, पोटाला जाड दोराचा सोल बांधला, पंधरावीस गडी ओढायला लागले, म्हैस बोटभर हलेना. ती काही तेवढी जड नव्हती. पोटाखाली गाळ असा चिकटलेला, की आत वारा जायला फट नव्हती, आणि वारा जात नाही तोवर गाळ सोडत नाही. गावातला गुंडप्पा ओढणाऱ्यांत सगळ्यात पुढं होता. "ओढा रं!" म्हणून त्यानं आरोळी ठोकली आणि सोल तुटला. तुटलेलं टोक असं उलटं आलं, की गुंडप्पाच्या जबड्यावर बसलं. आवाज अजून वैजनाथच्या कानात होता. त्यानंतर गुंडप्पा जगला बरीच वर्षं, पण भाकरी कुस्करून दुधातच खायचा, आणि बोललेलं एकट्या बायकोलाच कळायचं. तो साधा अंबाडीचा सोल होता. बोटीवरचा पोलादी दोर तुटला तर जबड्यावर भागत नाही. वैजनाथला हे सगळं माहीत होतं. त्यानं कागद घेतला, पत्र्याचं क्षेत्रफळ मांडलं, गाळाचा चिकटपणा मांडला. गाळ सोडण्यासाठी लागणारा जोर सांगाड्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त निघाला. ठरवलेला दोर त्याला पुरणार नव्हता, लाटेचा झटका त्यात मिसळला तर अजिबातच नाही. आणि उत्तराखाली त्यानं दोन रेघा ओढल्या तेव्हा त्याच्या अंगातून जी लहर गेली ती आनंदाची होती. निव्वळ, पोरकट, टाळ्या पिटाव्या अशी. सापडला! सापडला एकदाचा गडी!

त्या आनंदात तो घरी आला. येताना खव्याची पोळी घेतली, भैरवीला आवडते म्हणून. चहा होईपर्यंत त्याला दम निघेना. "तुझ्या भाऊजींचा प्रताप ऐकलास का?" म्हणाला. "एवढी परात नाचवली, आणि खाली गाळ आहे हेच धरलं नाही. साहेबांनी मागचा तक्ता तसाच लावलाय. तू विचारलंस ना, चिखल असला तर? रेती आहे म्हणाला. कसली रेती? सगळा गाळ आहे गाळ!" तो वाट बघत होता. आता ही म्हणेल, अगं बाई, तुमच्या बरं लक्षात आलं. म्हणेल, तुम्ही हवे होता तिथं. हसली तरी चाललं असतं. भैरवीनं गॅस बारीक केला. "मग काय होईल हो?" "काय होईल? ओढतील, निघायचं नाही, आणखी ओढतील. तुटेल." "आणि भाऊजी?" "तो बोटीवरच असतो उचल होताना. जायचंय त्याला परवा." भैरवीच्या हातातली कपबशी खाली ठेवली गेली. "मग सांगितलंत का त्यांना?" आणि वैजनाथला तेव्हा आठवलं, की सांगायचं असतं. शपथेवर, तोपर्यंत त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "सांगतो ना," तो म्हणाला. "चहा तर पिऊ देशील?" खव्याची पोळी तिनं झाकून ठेवली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच होती.

सांगायला काय लागतं? एक ओळ. गाळ धरला नाहीस, बघ. ती त्यानं त्या संध्याकाळी लिहिली. मग त्याला दिसलं, की ही ओळ वाचून योगीराज कपाळावर हात मारेल, "आयला, वैज्या, वाचवलंस!" म्हणेल, तक्ता दुरुस्त करेल, नवा दोर मागवेल, बोटीवर जाईल, उचल नीट होईल आणि पुढच्या खेपेला धाराशिवला येऊन टबावर वाकून वहिनीला गाळाची पकड कशी असते ते दाखवेल. ती पुन्हा मान मागं टाकून हसेल. शोधलं वैजनाथनं आणि गोष्ट होणार योगीराजची. त्यानं ओळ पुसली. मग त्यानं स्वतःची समजूत घातली, की कंपनीत तपासायला माणसं आहेत; ती काय झोपा काढतात? त्यांना दिसेलच. मग असंही वाटलं, की थोडं उशिरा सांगावं, अगदी निघायच्या वेळी, म्हणजे कळेल तरी की वैजनाथ नसता तर काय झालं असतं. मग मनाच्या तळाशी काहीतरी हललं, ज्याला त्यानं शब्द दिले नाहीत, पण ते आहे हे त्याला कळलं. उचल फसावी. कुणाला लागू नये, देवा, कुणाला खरचटूसुद्धा नये, पण फसावी. चार लोकांसमोर योगीराजनं खाली मान घालून उभं राहावं, एकदाच. हा विचार येताच तो चटकन उठला. त्यानं टीव्ही लावला. बातम्यांत कुठल्याशा धरणाची पाणीपातळी सांगत होते, ती तो मन लावून ऐकत बसला.

दुसऱ्या दिवशी योगीराजचाच फोन आला. वैजनाथ वर्कशॉपच्या मागं कडुलिंबाखाली उभा होता. पलीकडून वाऱ्याचा, भोंग्यांचा, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. "वैज्या, बंदरावर आलोय. बघितलंस का रं?" आता. आता सांगायचं. त्याच्या जिभेवर शब्द तयार होता, दोन अक्षरी शब्द, गाळ. "वहिनींना सांग," योगीराज पुढं म्हणत होता, "त्यांनी दिलेली शेंगाचटणी बोटीवरच्या पोरांनी आल्या आल्या संपवली. लई खूश. म्हनत्यात, कोण ही वहिनी?" वैजनाथला ठाऊकच नव्हतं की तिनं चटणी दिली. केव्हा दिली? आपण हात धुवायला गेलो तेव्हा? "बघितलं," तो म्हणाला. "जेवढं बघितलं तेवढं बरोबर आहे." "व्हय ना? मग मिटलं. तुजी नजर गेली म्हनल्यावर मी मोकळा." फोन बंद झाला. जेवढं बघितलं तेवढं. वाक्य कसं बेतून केलं होतं पाहा! त्यात खोटं शोधून दाखवा म्हणावं. कडुलिंबाची पिवळी पानं त्याच्या खांद्यावर पडत होती आणि आतून कुणीतरी त्याला, अरे नालायका, असं स्पष्ट म्हणालं. तो आवाज अण्णांचा नव्हता, भैरवीचाही नव्हता. त्याचा स्वतःचाच होता, आणि फार वर्षांनी ऐकल्यासारखा वाटला. तरी त्यानं फोन परत लावला नाही. संध्याकाळी भैरवीनं भाजी निवडत विचारलं, "सांगितलंत?" "हो," तो म्हणाला. "कधीच सांगितलं." तिनं वर बघितलं. त्याला वाटलं आता ही काही विचारेल, काय म्हणाले वगैरे, आणि त्यानं दोनचार उत्तरंही मनात जुळवली. तिनं मेथीची जुडी सोडली आणि मान खाली घालून पानं खुडत राहिली.

बोट समुद्रात गेल्यावर दोन दिवसांनी, उचलीच्या दिवशी, सकाळपासून त्याचं कशात लक्ष लागेना. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तो पुलीचं गणित घालत होता. फळ्यावर दोर काढला, वजन काढलं, बाण काढला, आणि खडू तिथंच थांबला. दोराच्या जवळ माणसं उभी असतात, हे गणितात कुठंच लिहीत नाहीत. योगीराज कुठं उभा राहत असेल? तो पुढंच असणार, गुंडप्पासारखा. मागं राहणारा माणूस नव्हेच तो. बोटीवर कठड्याला मिठी मारली होती तेव्हा पाठीवर फिरणारा तो हात, गरम, मेंढरांचा वास न गेलेला. "बस थोडं, वैज्या, लांब बघ, पाण्याकडं बघू नगं." वैजनाथनं खडू खाली टाकला. पोरांना "उतरवून घ्या" म्हणून तो धावत व्हरांड्यात आला आणि त्यानं फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. कंपनीचा नंबर त्याच्याकडं नव्हता, इतक्या वर्षांत कधी घ्यावासाच वाटला नव्हता. बंदरापासून बोट किती आत गेली असेल? खोल पाण्यावर कुठं तरी ती उभी असेल, क्रेनचा हात फिरत असेल, दोर ताठ होत असेल, आणि खाली अंधारात गाळ पत्र्याला चिकटून बसला असेल, सोडत नसेल. आणि हे बोटीवर कुणाला सांगितलेलंच नाही, हे अख्ख्या जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो धाराशिवात व्हरांड्यात उभा आहे. शेजारच्या वर्गातून महांतेश सर डोकावले, "काय हो, बरं नाही का?" म्हणाले. "घरी जातो," एवढंच त्याला बोलता आलं. स्कूटरला किक मारायचं सुचेना, तो चालतच निघाला. मुख्य रस्त्यावर तुळजापूरकडं जाणाऱ्या जीपा माणसं भरत होत्या, पेरूवाला ओरडत होता, सगळं नेहमीसारखं चालू होतं, आणि या नेहमीसारख्या चालण्याची त्याला भीती वाटली. देवा, तो ठीक असू दे. तो माझ्या घरी रोज जेवायला येऊ दे. परात नाचवू दे, चटणी नेऊ दे, काय वाट्टेल ते करू दे. मी मेलो तरी चालेल, असंही तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचं त्यालाच कळलं की हे खरं नाही, पण बाकीचं खरं होतं.

घराच्या फाटकाशी आला आणि खिशात फोन वाजला. योगीराज. वैजनाथला तो कानाला लावायचं धैर्य होईना. दुसराच कुणी त्याच्या फोनवरून बोलला तर? "वैज्या!" योगीराजच होता, मोठमोठ्यानं ओरडत होता, मागं माणसं हसत होती. "पहाटेच निघालं रं! आत्ताच किनाऱ्याजवळ आलो, पहिला फोन तुला. पत्र्याखाली पाण्याचा झोत सोडला, एका कडेनं हळूहळू उचललं, गाळानं असा डुरकावून श्वास सोडला म्हन, आन् सुटलं! साहेब म्हनला, कुणी पकडलं हे? मी म्हनलं, माझा दोस्त हाय धाराशिवला, माती ओळखतो." वैजनाथ फाटकाला धरून उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी गळायच्या आतच मनात प्रश्न आला. "तुला कुणी..." "वहिनींनीच की! परवा त्यांचा फोन आला. म्हनाल्या, ह्यांचा घसा पार बसलाय, बोलता येत न्हाय, म्हणून निरोप मी देते. ह्यांनी रातभर बसून शोधलंय, गाळ धरायचा ऱ्हायला. अरं, मी म्हनलं, कालच तर बोलला चांगला! तर म्हनाल्या, तवाच बसायला लागला होता, म्हणून धड सांगता आलं नसंल. आता मोकळा झाला न्हवं घसा?" "हो," वैजनाथ म्हणाला. "मोकळा झाला." "माझा जीव वाचवलास गड्या. खरं सांगतो. ईटला आईला सांगितलं तर ती तुझ्या नावानं जागरण घालील." योगीराजचा आवाज मधेच कापला. तो रडतोय हे वैजनाथला कळलं, आणि तेही त्यानं ऐकून घेतलं.

भैरवी घरात होती. कचेरीला गेली नव्हती. तीही वाट बघत होती म्हणजे. ओट्यापाशी उभी राहून ती तांदळातले खडे काढत होती. त्याच्या चेहऱ्याकडं बघून तिला कळलं. तिचे खांदे सैल झाले, डोळे क्षणभर मिटले, आणि मग पुन्हा हात चालू झाला. एका शब्दानं तिनं विचारलं नाही. त्या संध्याकाळच्या "हो"बद्दल नाही, कडुलिंबाखालच्या फोनबद्दल नाही. तिला सगळं ठाऊक होतं. त्याची लाज तिनं पदराखाली घेतली होती आणि वर त्याला मोठं करून ठेवलं होतं, इतकं, की आता जन्मभर तो माणूस याला जीव वाचवणारा म्हणणार. वैजनाथला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं. चुकलो म्हणावं. म्हणावं, भैरवे, मी कसला माणूस आहे गं, तू सांग. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरं बोलायचं होतं, अगदी बोटीच्या कठड्यापासून सगळं, अण्णांसकट. तो तिच्याजवळ गेला. तोंड उघडलं.

"फोनवर किती वेळ बोलत होता तुम्ही दोघं?"

भैरवीचा हात तांदळात थांबला. तिनं त्याच्याकडं बघितलं, रागानं नाही, एखादं दुखणं बरं झालं का ते बघावं तसं. "हेच विचारायचं होतं?"

"नाही," वैजनाथ म्हणाला. पण तो उत्तरासाठी थांबून राहिला.